घरचे वायफाय : एक्स्टेंडर घेण्यापूर्वी

आता पुष्कळ घरांत वायफाय आले आहे. बाहेरून तार येते. ती एका लहान पेटीला जोडलेली असते. या पेटीला राउटर म्हणतात. राउटरपासून मोबाइलपर्यंत मात्र तार नसते. तेथे रेडिओच्या लहरी काम करतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या भिंतीत अडतात, लांब गेल्या की क्षीण होतात.

मग काय होते? बाहेरच्या खोलीत सगळे ठीक चालते. आतल्या खोलीत मुलीचा अभ्यास मध्येच थांबतो. परगावच्या मुलाशी बोलताना आवाज तुटतो. दुकानदार म्हणतो, "एक्स्टेंडर घ्या, काम होईल." त्याला हजार-दोन हजार रुपये पडतात. पैसा कष्टाचा आहे. म्हणून आमचे सांगणे असे, की आधी दुखणे ओळखा, मग औषध घ्या.

राउटरपासून चार पावलांवर बसून पाहा. तेथे चांगले चालते आणि आतच अडते, तर दुखणे अंतराचे. राउटरजवळही अडते, आणि रात्री सगळे शेजारी घरी आले की जास्तच अडते, तर दुखणे बहुधा गर्दीचे. राउटरला तारेने जोडलेला संगणकही अडत असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीत असू शकतो. तो कंपनीला कळवावा. त्यावर एक्स्टेंडरचा उपयोग नाही.

गर्दी कसली?

वायफायच्या लहरींना ठरलेले पट्टे आहेत. जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा. आपल्याकडे त्यात १ ते १३ असे चॅनेल आहेत. तेरा म्हणजे पुष्कळ, नाही का? पण तसे नाही बरं का! हे चॅनेल एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न अडवणारे असे तीनच धरतात : १, ६ आणि ११. एका इमारतीत वीस घरे, वीस राउटर, आणि वाटा तीन! त्यातच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांच्या लहरीही याच पट्ट्यात.

दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्‌झचा. त्यात वाटा जास्त, म्हणून गर्दी कमी. पण त्याच्या लहरी भिंतीत लवकर अडतात.

एक्स्टेंडर काय करतो?

शेताच्या एका टोकाला धनी आहे, दुसऱ्या टोकाला गडी. हाक पोचत नाही. म्हणून मधल्या बांधावर एक माणूस उभा केला. तो इकडचे ऐकतो आणि तिकडे ओरडून सांगतो. एक्स्टेंडर हेच करतो. पण ऐकणे आणि ओरडणे एकाच वेळी होत नाही. म्हणून एकाच पट्ट्याच्या एक्स्टेंडरने वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय तो राउटरच्याच चॅनेलवर बोलतो. त्या चॅनेलवर आधीच गर्दी असेल, तर गर्दीत आणखी एक ओरडणारा वाढला!

मग काय करावे?

पहिले : राउटर कोपऱ्यात, जमिनीवर किंवा लोखंडी कपाटामागे असेल, तर उंचावर आणि घराच्या मध्याकडे आणा. याला पैसा लागत नाही.

दुसरे : मोबाइलवर कोणता चॅनेल किती भरला आहे ते दाखवणारी ॲप मिळतात. रात्रीच्या वेळी पाहा. १, ६, ११ यांपैकी जो मोकळा, तो राउटरमध्ये लावा. राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता असतो. घरातल्या शिकलेल्या मुलाची मदत घ्या. ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तो घेऊ नका. त्याला १ आणि ६ या दोहोंकडून त्रास होतो.

तिसरे : एवढे करूनही आत पोचत नसेल, तर दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर घ्या. त्याला ड्युअल बँड म्हणतात. तो एका पट्ट्यावर ऐकतो, दुसऱ्यावर सांगतो. आपला राउटरही दोन पट्ट्यांचा हवा. खोक्यावर नुसते 'एन ३००' असेल, तर तो एकाच पट्ट्याचा समजावा. 'एसी १२००' हा दोन पट्ट्यांचा असतो.

चौथे : आतपर्यंत तार नेता येत असेल, तर तीच वाट उत्तम. तार जोडून चालणारा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट होणारा, एक्स्टेंडर मागा. मग राउटर १ वर आणि तो ६ किंवा ११ वर ठेवता येतो. दोघे एकमेकांना अडवत नाहीत.

तार नसेल तर एक्स्टेंडर मधल्या बांधावरच हवा. वायफाय पोचत नाही त्या खोलीत तो लावू नका. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

प्रश्न

१. दुखणे अंतराचे की गर्दीचे, हे कसे ओळखाल?
२. एकमेकांना न अडवणारे तीन चॅनेल कोणते?
३. एकाच पट्ट्याच्या एक्स्टेंडरने वेग का घटतो?
४. तुमच्या घरी राउटर कोठे आहे? तो कोठे असावा?