आकाशातील वाटाडे

अनोळखी मुलखात प्रवास करणाऱ्याला वाटाड्याची गरज नेहमीच भासत आली आहे. खलाशांनी ध्रुवताऱ्याकडे पाहून सुकाणू धरले. बैलगाडीचा गाडीवान फाट्यावर थांबे आणि वडाच्या सावलीत बसलेल्या एखाद्या वृद्धाला वाट विचारूनच बैल पुढे हाकी. पुढे पक्क्या सडका झाल्या, मैलाचे दगड उभे राहिले, नकाशे छापले गेले. आज मोटार चालविणाऱ्याच्या समोर तळहाताएवढा पडदा असतो आणि त्यातून आवाज येतो, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." हा नवा वाटाड्या कोणाच्या बळावर बोलतो, आणि त्याच्यावर कितपत विसंबावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

या यंत्राचे बळ आकाशात आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह दिवसातून सुमारे दोन प्रदक्षिणा घालीत असतात. त्यांच्या या व्यवस्थेस जीपीएस असे म्हणतात. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये २४ उपग्रहांची मालिका पूर्णपणे कामास लागली. ही व्यवस्था मुळात सैन्यासाठी होती. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम अशुद्धता ठेवली जाई. त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंत चूक पडे. मे २००० मध्ये हे बंधन उठविण्यात आले आणि मोटारीतील यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. भारतानेही आपली स्वतंत्र व्यवस्था उभारण्याचे काम हाती घेतले. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून झेपावला. पुढे या व्यवस्थेला 'नाविक' असे समर्पक नाव मिळाले.

उपग्रह वाट दाखवीत नाहीत. ते आपले स्थान आणि अचूक वेळ एवढेच सतत कळवीत राहतात. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने येतो. त्याला किती वेळ लागला, यावरून मोटारीतील यंत्र उपग्रहापासूनचे अंतर काढते. समजा, एखादे घर गावच्या देवळापासून ३०० पावलांवर आहे. एवढ्या माहितीवर ते सापडणार नाही. कारण देवळाच्या चोहो बाजूंना तितक्याच अंतरावर अनेक घरे असतील. परंतु तेच घर विहिरीपासून २०० पावलांवर आणि शाळेपासून १५० पावलांवर आहे असे कळले, तर घर नेमके ओळखता येते. यंत्रही असेच अनेक उपग्रहांपासूनची अंतरे ताडून पाहते. त्याच्या स्वतःच्या साध्या घड्याळातील चूक काढून टाकण्यासाठी त्याला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो! म्हणूनच उपग्रहांवर अत्यंत सूक्ष्म वेळ मोजणारी आण्विक घड्याळे बसविलेली असतात.

मोटार कोठे आहे, हे अशा रीतीने कळते. परंतु रस्ता कोठे आहे, हे उपग्रहांना मुळीच ठाऊक नसते. ते ज्ञान नकाशाचे; आणि नकाशा माणसांनी तयार केलेला असतो. तो चुकीचा असू शकतो, जुना असू शकतो. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी लोकांना एक इशारा दिला. मिल्डुरा नावाचे शहर मोबाईलमधील एका नकाशात त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका ओसाड राष्ट्रीय उद्यानात दाखविले गेले होते. तेथे पारा ४६ अंशांपर्यंत चढतो. त्या नकाशावर विसंबून निघालेल्या कित्येकांना जणू चकवाच लागला. काहींना तर अन्नपाण्यावाचून २४ तासांपर्यंत अडकून पडावे लागले. पुढे नकाशा सुधारण्यात आला.

महाराष्ट्रातील एक घटना याहूनही दुःखद आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाई शिखराकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारात, यंत्राने दाखविलेल्या मार्गाने, अकोले तालुक्यातील कोतूळजवळच्या एका पुलाकडे वळली. वर्षातील काही महिने तो पूल धरणाच्या पाण्याखाली असतो. ही गोष्ट तेथील गावकऱ्यांना ठाऊक होती. यंत्राला मात्र ठाऊक नव्हती. मोटार पाण्यात गेली. दोघे जण कसेबसे बाहेर पडले, चालक बुडाला. नकाशावर पूल होता. त्यावरचे पाणी नकाशावर नव्हते.

म्हणून यंत्र निवडताना आणि वापरताना विवेक हवा. केवळ पडदा मोठा आणि आवाज गोड आहे, एवढे पाहून भागत नाही. त्यातील नकाशे वेळोवेळी नवे करता येतात का, हे आधी पाहावे. मोबाईलवरील बहुतेक नकाशे इंटरनेटद्वारे येतात. घाटात किंवा रानात इंटरनेट मिळाले नाही, तर उपग्रह डोक्यावर असूनही पडदा कोरा राहू शकतो. तेव्हा नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत आणि उंच इमारतींच्या दाटीत ते भिंतींवर आपटून येतात. अशा ठिकाणी यंत्र काही काळ चुकू शकते, हेही ध्यानात असावे. गंतव्य ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच नोंदवावे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार भारतात चालकाला वाट पाहण्यासाठी असे यंत्र वापरता येते. परंतु त्यामुळे त्याचे लक्ष विचलित होता कामा नये, अशी अट आहे.

यंत्र अंतर आणि वेळ मोजते. परंतु ओढ्याला आलेला पूर, खचलेला कठडा, रस्त्यात आडवे ठेवलेले दगड हे त्याला दिसतीलच असे नाही. ते पाहण्यासाठी चालकाचे डोळे आहेत. "पुढे रस्ता बंद आहे," अशी पाटी एकीकडे आणि "सरळ जा," असा यंत्राचा आवाज दुसरीकडे, असा प्रसंग आला, तर पाटीकडे कानाडोळा करणे घातक होय. अशा वेळी गाडी थांबवावी आणि जवळच्या गावकऱ्याला विचारावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. आकाशातील वाटाडे हजारो कोसांवरून साहाय्य करतात, हा मानवी बुद्धीचा मोठाच विजय आहे. परंतु चाक फिरविणारे हात माणसाचे आहेत, आणि गाडीतील जिवांची जबाबदारीही त्याचीच आहे.

स्वाध्याय

१. घर शोधण्याच्या उदाहरणावरून यंत्र आपले स्थान कसे ठरविते, ते सांगा.
२. 'नकाशावर पूल होता. त्यावरचे पाणी नकाशावर नव्हते.' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. वाक्यात उपयोग करा : विसंबून राहणे, चकवा लागणे, कानाडोळा करणे.
४. तुमच्या गावाकडे येणाऱ्या वाटेवरील कोणत्या गोष्टी नकाशात सापडणार नाहीत? पाहुण्यासाठी त्यांची यादी करा.