जीवनसत्त्व ‘ड’ आणि आमवात

बेंगळूरु शहर सुमारे १३ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. तेथे सूर्यप्रकाशाचे दुर्भिक्ष नाही. असे असता, सूर्यप्रकाशापासून शरीरात तयार होणाऱ्या जीवनसत्त्वाची उणीव तेथील रहिवाशांत आढळावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. या उणिवेचा आमवाताशी काही संबंध आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे जीवनसत्त्व कसे निर्माण होते ते पाहू. उन्हातील जंबुपार किरण त्वचेवर पडले म्हणजे त्वचेतील एका स्निग्ध द्रव्याचे जीवनसत्त्व ‘ड’ मध्ये रूपांतर होते. पुढे यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्यावर संस्कार होऊन ते कार्यक्षम बनते. सकाळचे कोवळे ऊन आल्हाददायक असले, तरी त्यात हे किरण फार थोडे असतात. बेंगळूरुच्याच अक्षांशाजवळ असलेल्या तिरुपती येथे झालेल्या प्रयोगांत, सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात हे रूपांतर सर्वांत अधिक होते असे दिसून आले. नेमक्या याच वेळी शहरातील माणूस कचेरीत किंवा कारखान्यात छपराखाली असतो. अंगभर वस्त्रे आणि त्वचेचा सावळा वर्ण यांमुळेही किरणांचा प्रवेश कमी होतो.

आता आमवाताकडे वळू. उतारवयात झीज होऊन सांधे दुखतात, तो विकार निराळा. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. सांध्यांचे अस्तर सुजते, सकाळी बोटे आखडतात आणि उपचार न झाल्यास कूर्चा व हाड झिजून सांधे वाकडे होतात. या यंत्रणेतील पेशींना जीवनसत्त्व ‘ड’ चा संदेश ग्रहण करता येतो. तो मिळाल्यास त्यांचा दाहकपणा काहीसा शमतो, असे प्रयोगशाळेत दिसते. तेव्हा संबंधाची शंका निराधार नाही.

परंतु शंका म्हणजे सिद्धान्त नव्हे. अमेरिकेतील आयोवा राज्यात सुमारे २९,००० स्त्रियांच्या पाहणीत, आहारातून हे जीवनसत्त्व अधिक घेणाऱ्यांना आमवात कमी झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढे परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत मात्र असा संबंध आढळला नाही. शिवाय ज्याचे सांधे दुखतात तो घराबाहेर कमी पडतो. म्हणजे उणीव हे रोगाचे कारण नसून परिणामही असू शकेल.

बेंगळूरु येथील एका संधिवात केंद्राने २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. नेहमीची औषधे चालू असूनही रोग आटोक्यात न आलेल्या आणि जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या ७३ रुग्णांना तीन महिने जीवनसत्त्व ‘ड’ देण्यात आले. त्यांची रोगतीव्रता कमी झाली. मात्र तुलनेसाठी, जीवनसत्त्व न दिलेला दुसरा गट नव्हता. म्हणून सुधारणेचे श्रेय सर्वस्वी त्यालाच देता येत नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात रोज २,००० एकक जीवनसत्त्व घेणाऱ्यांत स्वतःच्याच शरीरावर उलटणारे विकार एकंदरीने सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा अशा सर्व विकारांचा आहे, एकट्या आमवाताचा नव्हे.

अतिरेकाचा धडा इतिहासात आहे. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत सांध्यांच्या रोग्यांना या जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा देण्यात आल्या. परिणामी काहींच्या रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा पोहोचली. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची मात्रा कोणी रोज घेतल्यास आजही तेच संकट ओढवेल.

तात्पर्य, आमवाताच्या रुग्णाने रक्ततपासणी करून घ्यावी आणि उणीव असल्यास वैद्याच्या सल्ल्याने ती भरून काढावी. हाडांच्या बळकटीसाठी तरी ते हितावह आहेच. मात्र रोगास आवर घालणारी मूळ औषधे त्यासाठी बंद करू नयेत. जीवनसत्त्व ‘ड’ हे उपचाराचे साहाय्यक आहे. ते त्याची जागा घेऊ शकत नाही. त्या औषधांवाचून गेलेल्या महिन्यांत सांध्याची जी हानी होते, ती पुढे कोणत्याही जीवनसत्त्वाने भरून येत नाही.