मँटिस श्रिंपची जात कशी ओळखावी?

गतवर्षी रापणीच्या जाळ्यात सापडलेला एक मँटिस श्रिंप आमच्या एका विद्यार्थ्याने जिवंत आणला व समुद्राचे पाणी भरलेल्या काचेच्या पेटीत पाळला. त्याची जात कोणती, असा प्रश्न वर्गात निघाला. शेपटीवरील निळसर-पिवळी झाक पाहून आम्ही त्यास घाईने खडकवासी ठरविले व पेटीत नुसते दगड रचले. प्राणी रात्रंदिवस बेचैन फिरू लागला.

नावात श्रिंप असले तरी ही कोळंबी नव्हे. स्टोमॅटोपोडा या स्वतंत्र गणात याच्या ४५० हून अधिक जाती आहेत. शिकारी पायांवरून त्यांचे ठोसेबाज व भालेबाज असे दोन मुख्य प्रकार पडतात. ठोसेबाजांच्या पायाच्या टोकाचा सांधा बुंध्याशी फुगीर असतो. त्याने ते शिंपले फोडतात. लिनियसने १७५८ साली वर्णिलेला मोरपंखी ओडोंटोडॅक्टिलस सिलॅरस यांपैकीच होय. त्याच्या ठोशाचा वेग सेकंदास सुमारे २३ मीटर असल्याचे २००४ साली मोजले गेले. भालेबाजांच्या त्याच सांध्यावर लांब, तीक्ष्ण दात असतात. ते बहुधा वाळूत वा चिखलात बीळ करून मासे व कोळंबी टिपतात.

रंग मात्र फसवा असतो. एकाच जातीतही तो बदलतो. दात मोजावेत, तर जिवंत प्राणी हाती धरणे धोक्याचे, कारण तो बोट चिरतो. सुदैवाने एके सकाळी त्याने कात टाकली. कातेत शिकारी पायाचे कवचही उतरले होते. भिंगाखाली टोकासह सहा दात मोजले. सांधा फुगीर नव्हता आणि पाठीवर उभ्या कडा होत्या. हार्पिओस्क्विलास आठ वा अधिक दात असतात; म्हणून तोही नव्हे. आमचा पाहुणा स्क्विलिडी कुळातील भालेबाज होता. नेमकी जात ठरविण्यास कडांची अधिक बारीक तपासणी लागते. म्हणून आम्ही कुळापाशीच थांबलो.

कात टाकलेला प्राणी मऊ व असहाय असतो. त्यास बिळाचा आसरा हवा. त्याच दिवशी आम्ही दगड काढून वाळूमिश्रित चिखलाचा जाड थर दिला. दुसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी केवळ त्याचे दोन डोळे दिसत होते.

मुलांनो, चुकीच्या नावामुळे आम्ही त्यास चुकीचे घर दिले होते. नाव ठेवण्यापूर्वी नीट पाहणे, हेच शास्त्राचे पहिले पाऊल होय, आणि पाळलेल्या जिवाप्रती आपले कर्तव्यही.