एरर नाही, पण फाइलही नाही

मुकुंदवाडी स्टेशनजवळ राहतो. पावसाच्या आकड्यांवर संशोधन करणारी पोरं संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येतात. तक्रार बहुधा एकच : "सर, प्रोग्रॅम चालला, एरर नाही, पण डेटा सेव्हच झाला नाही." त्यातून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. आधी फोल्डर बघा. पूर्ण पाथ दिला नसेल, तर प्रोग्रॅम जिथून चालवला त्या फोल्डरात फाइल जाते. कोड कुठे ठेवलाय याच्याशी तिचा संबंध नसतो. शिवाय नमपायचं 'सेव्ह' नावापुढे '.एनपीवाय' आपणहून जोडतं, आणि आपण '.डॅट' शोधत बसतो.

२. वॉर्निंग वाचा. पुण्याच्या हवामान खात्याचा पाव अंशाचा रोजचा पाऊस १९०१ पासून मिळतो. ग्रिड १३५ × १२९ बिंदूंचं. प्रत्येक आकड्याला ४ बाइट धरले, तरी १९०१ ते २०२० मिळून ३ जीबी होतात. मॅटलॅबच्या नेहमीच्या मॅट फाइलमध्ये २ जीबीवरचं व्हेरिएबल बसत नाही. प्रोग्रॅम मात्र थांबत नाही. वॉर्निंग देऊन तेवढंच व्हेरिएबल गाळतो. अक्षांश-रेखांश सेव्ह होतात, पाऊस गायब! सेव्ह करताना '-व्ही७.३' लिहा, ती फाइल एचडीएफ५ वर बेतलेली असल्याने मोठा डेटा घेते.

३. फाइल बंद करा. लिहिलेलं आधी मेमरीतल्या बफरमध्ये साचतं. मध्येच लाइट गेली आणि बॅटरीही उतरलेली असली, की उरते शून्य केबीची फाइल. पायथनमध्ये 'विथ' वापरा. गणित रात्रभर चालणार असेल, तर अधूनमधून 'फ्लश' आणि 'एफसिंक' करा.

४. लूपमध्ये 'डब्ल्यू' मोड नको. दर फेरीला फाइल कोरी होते. मराठवाड्याचे आठ जिल्हे फिरवले, तरी फाइलमध्ये शेवटचाच उरतो. फाइल लूपच्या बाहेर उघडा.

५. सगळंच पिकल होत नाही. लॅम्डा फंक्शन, उघडी फाइल, डेटाबेसचं कनेक्शन तिथे अडतं. आकडे नेटसीडीएफमध्ये ठेवा. ते आर किंवा मॅटलॅबमध्येही उघडतात.

६. 'एक्सेप्ट'खाली नुसतं 'पास' लिहू नका. डिस्क भरल्याची एररही त्यात दडपली जाते.

७. नवं सेशन उघडून फाइल परत वाचा. आकार आणि बेरीज मूळ डेटाशी ताडून बघा. जे परत वाचता आलं, तेवढंच सेव्ह झालं. गाइडला मेल त्यानंतर करा.