गेम खेळायचेत, मग डेस्कटॉप कोणता?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर कागदोपत्री म्हातारे झाले. त्यांवर विंडोज ११ बसत नाही आणि टाकून द्यायला मन होत नाही. नात्यातली, सोसायटीतली मुलं अशी मशीन घेऊन माझ्याकडे येतात, कारण मी दिवसभर लिनक्सवर काम करतो आणि रात्री त्यावरच खेळतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, गेम चालतील ना?" लगेच दुसरा, "केडीई टाकू की ग्नोम?" म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप, खिडक्या, मेनू आणि सेटिंग सांभाळणारा थर, कोणता घेऊ? या दुसऱ्या प्रश्नाबद्दल इतक्या वर्षांत जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. गेमचा वेग डेस्कटॉपवर ठरत नाही

विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो तो प्रोटॉनमुळे. व्हॉल्व्ह कंपनीने तो ऑगस्ट २०१८ मध्ये आणला. त्याच्या पोटात वाइन आहे आणि डीएक्सव्हीके आहे, जो डायरेक्टएक्सची भाषा व्हल्कनमध्ये बदलून ग्राफिक्स कार्डाला देतो. त्याखाली ड्रायव्हर आणि त्याखाली कर्नल. गेमची खरी मेहनत या उतरंडीत होते. डेस्कटॉपचं काम तयार झालेलं चित्र पडद्यावर नेऊन लावायचं, एवढंच.

म्हणून कार्ड तेच, ड्रायव्हर तोच असेल तर केडीईचा प्लाझ्मा आणि हलका एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये, डोळ्यांना जाणवेल असा फरक क्वचितच पडतो. "अमुक डेस्कटॉप टाकला आणि गेम पळायला लागला" असं कुणी सांगितलं, की डिस्ट्रोही (म्हणजे उबुंटू, मिंटसारखा लिनक्सचा अख्खा संच) बदलली होती का, हे मी विचारतो. बहुतेक वेळा डिस्ट्रोबरोबर कर्नल आणि ड्रायव्हर नवे आलेले असतात, श्रेय मात्र डेस्कटॉपला जातं.

मेमरीचा मुद्दा खरा आहे, पण तो ८ जीबीच्या मशीनवर. गेम, मागे ब्राउझर आणि मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड, एवढं उघडं असेल तर हलक्या डेस्कटॉपने वाचवलेले काहीशे एमबी उपयोगी पडतात. १६ जीबी असेल तर हा हिशेब सोडून द्या.

२. आधी वेलँड की एक्स११ ते ठरवा

लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात सत्र निवडण्याचा एक छोटा पर्याय असतो. त्यात 'वेलँड' किंवा 'एक्स११' असं काहीतरी लिहिलेलं दिसतं आणि बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. माझ्या मते गेम खेळणाऱ्यासाठी डेस्कटॉपच्या नावापेक्षा ही निवड मोठी आहे.

एक्स११ ही चित्र पडद्यावर लावण्याची जुनी पद्धत, वेलँड ही नवी. दोन मॉनिटर जोडले तरी एक्स११ त्यांना एकच लांबलचक पडदा समजतं. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि शेजारचा ६० चा असेल, तर ओढाताण तिथेच सुरू होते. वेगवान मॉनिटरवर गेम अडखळल्यासारखा दिसतो, एफपीएसचा आकडा मात्र ठीक असतो. वेलँडमध्ये प्रत्येक पडद्याचा हिशेब वेगळा, त्यामुळे हा त्रास मुळातच उरत नाही.

वेलँडबद्दल जुन्या तक्रारी अजून फिरत असतात. त्यातल्या पुष्कळ खऱ्या होत्या, पण आता शिळ्या झाल्या. प्लाझ्मा ६ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तोच वेलँड मूळ धरून. ग्नोम तर त्याआधीपासून तिकडे आहे. सिनॅमन आणि एक्सएफसीई या दुसऱ्या दोन डेस्कटॉपमध्ये वेलँडचं काम सुरू आहे, पण रोजच्या वापरात ते अजून एक्स११ वरच भरवशाचे आहेत. म्हणजे वेलँड हवंच असेल तर चारांपैकी दोनच नावं उरतात.

३. तुमच्या टेबलावरचा मॉनिटर नीट बघा

एकच मॉनिटर, १०८०पी, ६० हर्ट्झ असेल तर हा भाग ओलांडून पुढे जा. कुठलाही डेस्कटॉप चालेल.

व्हीआरआरचा मॉनिटर असेल, म्हणजे गेमच्या गतीप्रमाणे पडदा आपली गती बदलत असेल, तर निवड महत्त्वाची. प्लाझ्मामध्ये ही सोय २०२१ पासून वेलँडवर आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये सरळ पर्याय दिसतो. ग्नोममध्ये ती २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीत आली, तीही प्रायोगिक म्हणून. एचडीआरचं तसंच: प्लाझ्मा ६ मध्ये त्याची सुरुवात झाली, ग्नोमने ४८ व्या आवृत्तीत, मार्च २०२५ मध्ये गाठलं. एक्स११ वर एचडीआरची आशा धरू नका.

आणखी एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते. १४४०पी मॉनिटरवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून आपण डेस्कटॉप १२५ टक्के करतो. मग गेम उघडतो आणि त्याच्या रिझोल्युशनच्या यादीत २५६० बाय १४४० दिसतच नाही, चित्रही धुरकट येतं. गेममध्ये काही बिघडलेलं नसतं. बहुतेक गेम अजून एक्स११ चेच आहेत. वेलँडवर ते मधल्या एका थरातून चालतात आणि त्या थराने त्यांना लहान पडदा सांगितलेला असतो. प्लाझ्माच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खाली जुन्या ॲप्ससाठी एक पर्याय असतो, मोठं करण्याचं काम ॲपने स्वतः करायचं की सिस्टिमने. 'ॲपने स्वतः' निवडलं की गेमला खरा आकडा दिसतो. ही एक खूण माहीत असली तर बरीच डोकेफोड वाचते.

४. एनव्हिडिया कार्ड असेल तर तारखा लक्षात ठेवा

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच येतात, वेगळं काही बसवावं लागत नाही. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, आणि वेलँडवर गेम लुकलुकणं, मागची फ्रेम पुढे येणं हे प्रकार त्यावर फार होते. २०२४ च्या मध्यात ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरने 'एक्स्प्लिसिट सिंक' आणलं, प्लाझ्मा आणि ग्नोमनेही आपली बाजू पूर्ण केली, आणि तो त्रास बराचसा संपला. म्हणून एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर ५५५ च्या पुढचा आणि डेस्कटॉप २०२४ च्या मध्यानंतरचा, अशी जोडी बघा. तुमची डिस्ट्रो त्याहून जुनं देत असेल तर एक्स११ चं सत्र निवडून शांतपणे खेळा.

दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये गेम चुकून इंटेलच्या चिपवर चालतोय का, ते आधी तपासा. ग्नोममध्ये आयकॉनवर उजवं क्लिक केलं की स्वतंत्र कार्डावर चालवण्याचा पर्याय मिळतो. कार्डच चुकीचं असेल तर डेस्कटॉप बदलून हाती काही लागणार नाही.

५. मराठी कीबोर्ड ठेवणाऱ्यांनी हे वाचाच

हा धडा परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही, पण आपल्याकडे रोज लागतो. घरातल्या मशीनवर मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी असते. कुणीतरी मराठीत मजकूर लिहून उठतं, मांडणी तशीच राहते, आणि आपण गेम सुरू करतो. डब्ल्यू दाबलं की पात्र हलत नाही. कारण इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यूच्या जागी ऐकाराची मात्रा आहे, ए वर ओकार, एस वर एकार आणि डी वर हलन्त. काही गेम कळ कोणत्या जागी आहे ते बघतात, त्यांना फरक पडत नाही. काही मात्र कळेतून अक्षर कोणतं आलं ते बघतात, आणि तेच अडून बसतात. नवशिक्याला वाटतं लिनक्सवर गेम चालत नाही.

यावर उपाय डेस्कटॉपमध्येच आहे. प्लाझ्माच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मांडणी सगळ्यांसाठी एक, की प्रत्येक ॲपची किंवा खिडकीची वेगळी, हे ठरवता येतं. ग्नोममध्येही प्रत्येक खिडकीसाठी वेगळी मांडणी ठेवता येते. एक्सएफसीईमध्ये ती सोय पॅनलवरच्या कीबोर्डच्या प्लगिनमध्ये मिळते. हे एकदा करून ठेवलं की लेखनाच्या खिडकीत मराठी राहते, गेममध्ये इंग्रजी, आणि घरात भांडण होत नाही.

ऑल्ट कळेचंही बघा. एक्सएफसीई आणि सिनॅमनमध्ये ऑल्ट धरून माउस ओढला की खिडकी सरकते. डोटा २ मध्ये ऑल्ट धरून क्लिक केलं की साथीदारांना इशारा जातो. ऐन लढाईत दोन्ही एकमेकांच्या आड येतात. खिडकी सरकवण्याची कळ सेटिंगमधून विंडोजच्या चिन्हाच्या कळेवर नेता येते, प्लाझ्मात ती आधीच तिथे असते.

६. चौघांबद्दल माझं मत

केडीई प्लाझ्मा माझी पहिली शिफारस. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग मशीनवर डेस्कटॉप म्हणून हाच आहे, त्यामुळे असंख्य खेळाडूंच्या हातांखालून तो जातो आणि खेळाशी संबंधित अडचणी लवकर उघड होतात. पूर्ण पडद्याच्या गेमसाठी टेअरिंगला (चित्र थोडं फाटलं तरी चालेल, पण उशिरा नको) परवानगी द्यायची की नाही, हेही सेटिंगमध्ये विचारलेलं असतं. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांना त्याचं मोल कळतं. सेटिंग फार आहेत ही तक्रार मला मान्य नाही. खेळणाऱ्याला त्यांची गरज पडते.

ग्नोम नेटका आहे आणि कामासाठी मला आवडतो. पण स्टीम किंवा डिस्कॉर्ड खाली केलं की त्यांचे छोटे आयकॉन मूळ ग्नोममध्ये दिसत नाहीत, एक्स्टेन्शन लागतं. उबुंटू ते सोबत देतो. जड गेम लोड होताना 'हे ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी मध्येच येते, तिथे घाईने 'बंद करा' दाबू नका, थांबा.

सिनॅमन, म्हणजे लिनक्स मिंटचा डेस्कटॉप, विंडोजवरून आलेल्या आईवडिलांना आणि मुलांना एकाच मशीनवर सुखाने नांदू देतो. एक मॉनिटर, मध्यम कार्ड असेल तर तो मी बिनधास्त सुचवतो. ८ जीबी किंवा कमी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपला एक्सएफसीई.

हायपरलँड वगैरे टायलिंगवाल्यांची (खिडक्या फरशांसारख्या शेजारी मांडणाऱ्यांची) चित्रं सुंदर दिसतात. सेटिंगची फाइल हाताने लिहिण्यात ज्याला गोडी आहे त्याने जरूर जावं.

७. काही गेम कुठल्याच डेस्कटॉपवर चालणार नाहीत

व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्सने २०२४ च्या अखेरीस लिनक्सचं दार बंद केलं. हा प्रश्न अँटी-चीटचा आणि कंपन्यांच्या धोरणाचा आहे. मुलाचा जीव यांतल्याच एखाद्या गेममध्ये असेल, तर ते त्याला मशीन बदलण्याआधी सांगा. दुसऱ्या कुठल्या गेमबद्दल शंका असेल तर प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर नाव टाकून बघा.

८. स्वतः मोजा, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका

मँगोहड नावाचं छोटं साधन गेमवर कोपऱ्यात एफपीएस आणि फ्रेमटाइमची रेघ दाखवतं. आकड्याकडे कमी आणि रेघेकडे जास्त बघा. रेघ सपाट असेल तर ६० एफपीएसही गुळगुळीत वाटतात, काटेरी असेल तर १२० सुद्धा टोचतात. एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप बसवता येतात आणि लॉगिनला निवडता येतात. तुलना करताना गेम तोच, नकाशा तोच, सेटिंग तीच ठेवा. ग्नोम आणि केडीईच्या सेटिंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दुसऱ्यासाठी वेगळा यूजर काढा. दोघांत फरक दिसला नाही, तर हाताला सवयीचा आहे तो ठेवा.

९. घडी बसली की अपडेटची वेळ तुम्ही ठरवा

कर्नल नवा आला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, तर डेस्कटॉप कितीही चांगला असो, पडदा काळाच राहतो. टाइमशिफ्ट या साधनाने आधी सिस्टिमचा स्नॅपशॉट घ्या, मग अपडेट करा. आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर खेळायचं ठरलं असेल, तर शनिवारी दुपारी अपडेट करू नका. रविवारी सकाळी करा.