तोडणीची वेळ

चि. सोनूस,


गच्चीवरच्या भाज्या नेमक्या कधी तोडायच्या, हे तू विचारलंस. बियांच्या पाकिटावरचे दिवस तू कॅलेंडरवर मांडून ठेवले आहेस, हेही कळलं. ते दिवस उपयोगाचे आहेत, पण त्यांतून एवढंच समजतं की आता झाडाकडे रोज लक्ष द्यायला लागायचं. ढगाळ हवा, सावली, कुंडीतली कमी माती यांमुळे आठ-दहा दिवस सहज मागेपुढे होतात. तोडायचा दिवस ठरवायचा तो डोळ्यांनी आणि बोटांनी.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. भेंडी, गवार, काकडी, वांगं, दोडका, दुधी ही फळं आपण पिकायच्या आधी खातो. झाडाची सगळी धडपड बी तयार करण्यासाठी असते आणि आपल्याला फळ हवं असतं ते बी टणक व्हायच्या आत. म्हणून आकाराचा मोह धरू नकोस. एक भेंडी जरी झाडावर जून होऊ दिली, तरी झाडाची ताकद तिचं बी भरण्यात जाते आणि नवी फुलं कमी येतात. वेळेवर तोडत राहिलीस तर झाड फुलत राहील आणि एकूण भाजीही जास्त मिळेल.

भेंडी फूल उमलल्यापासून ५-६ दिवसांत तयार होते. एकीचा शेंडा मोडून बघ. कट्‌कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर निबर. एक दिवसाआड तोडा व्हायलाच हवा. रविवारच्या सुट्टीची वाट पाहिलीस तर निम्म्या भेंड्या राठ होतील. तिची लव हाताला खाजते, म्हणून हातमोजे घाल आणि देठ कात्रीने काप, ओढू नकोस. गवारीची शेंग मोडताना दोरा न निघता तुटली पाहिजे. काकडी पिवळट छटा चढायच्या आत काढ. वांग्याची साल चकचकीत हवी. अंगठ्याने हलकं दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून आला, की ते घ्यायचं. साल निस्तेज झाली म्हणजे आत बिया धरल्या आणि चव उतरली असं समज.

कोवळ्या दुधीवर बारीक लव असते आणि नख सहज रुततं. दुधी, दोडका, काकडी चिरल्यावर एक कण जिभेवर ठेवून बघायची सवय मात्र आजपासून लाव. नेहमीपेक्षा कडू लागली तर सगळी टाकून दे. हा कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, तो शिजवूनही जात नाही आणि त्याने विषबाधा होऊ शकते. कडू दुधीचा रस औषध म्हणून कोणी सुचवला तरी पिऊ नकोस. हे मी तुला कळकळीने सांगते आहे.

मेथी ३-४ आठवड्यांत, फुलावर यायच्या आत काढ. पालकाची बाहेरची पानं खुडून मधला गाभा राखलास तर पुन्हा पानं फुटतात. पालेभाजी सकाळी, ऊन चढण्याआधी खुडावी म्हणजे टवटवीत राहते. मुळा जमिनीत जास्त दिवस राहिला की आतून पोकळ होतो.

काही भाज्यांना मात्र धीर धरावा लागतो. लाल भोपळ्याचं देठ वाळून कडक झालं आणि सालीत नख रुतेनासं झालं, की दोन-तीन इंच देठ ठेवून काप. देठ मोडलं तर तिथून सड लागते. कांद्याच्या निम्म्याअधिक माना पडल्या की काढणी कर. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवायलाच हवा असं नाही. खालच्या टोकाला गुलाबी छटा आली की तो काढला तरी घरात नीट पिकतो. पावसाळ्यात तेच बरं, नाहीतर जोराच्या सरीनंतर पिकलेली फळं तडकतात. पिकायला ठेवलेला टोमॅटो उन्हात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नकोस, खोलीतच राहू दे.

आता बियाण्याचं. भाजी खाऊन उरलेली, नजरेतून सुटलेली जून भेंडी बियाण्याला ठेवायची चूक बहुतेक जण करतात. तू तसं करू नकोस. सुरुवातीच्या तोड्यांतच सगळ्यात निरोगी, भरपूर शेंगा देणारं झाड हेर आणि त्याच्या दोन चांगल्या शेंगांना रंगीत दोरा बांध. त्या झाडावरच वाळू देत. तुझी भेंडी ‘परभणी क्रांती’ आहे, म्हणजे सरळ वाण; तिचं बी पुढच्या वर्षी चालेल. संकरित वाणाचं धरू नकोस, पुढची पिढी तशीच निघत नाही.

एखाद्या आठवड्यात तोडा तुमच्या दोघांना पुरून उरेल. तेव्हा शेजारी वाटून टाक, पण झाडावर ठेवू नकोस. आणि वाटताना कोवळी भाजी द्यावी, जून झालेली देऊ नये. आपण जे उत्तम म्हणून खातो, तेच दुसऱ्याच्या हाती द्यावं, एवढं माझं ऐक.

तुझी,
आत्या