पुंगळीची परीक्षा

मटेरियल सायन्सच्या पुस्तकात 'सीझन क्रॅकिंग' या नावाखाली जेमतेम चार ओळी असतात. व्हायवात विचारलं की आपण 'पितळ आणि अमोनिया' एवढं बोलून मोकळे होतो. पण त्यातला 'सीझन' कुठला? तो चक्क आपला पावसाळा आहे! एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेली असायची. कोरडा मोसम येईपर्यंत त्यांच्या पितळेला आपोआप चिरा पडलेल्या असत. ना कुणी झाडली, ना कुणी पाडली. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळेत दडलेला ताण, ही जोडगोळी त्यामागे आहे हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या १९२१ सालच्या अभ्यासाने पक्कं झालं.

काडतुसाच्या या पितळी कवचाला मराठीत 'पुंगळी' म्हणतात. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द मला पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांतून कळला. एनसीसीत .२२ रायफलची फायरिंग झाली की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात, तेव्हा हातातही आली. ती मात्र पुन्हा भरण्याजोगी नसते, कारण तिचा पेटणारा मसाला तळाच्या कडेतच भरलेला असतो. मोठ्या रायफलीच्या पुंगळीत तळाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसते, ती बदलता येते. परदेशात नेमबाज अशी पुंगळी अनेकदा भरून वापरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा १९५९ नुसार गुन्हा आहे, तेव्हा हॉस्टेलवर कुणी प्रयोग करू नये! मला रस आहे तो पितळेत.

हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पत्र्याची चकती कापतात, तिची वाटी करतात आणि ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मध्ये मध्ये ॲनीलिंग करून नरम करावं लागतं. १८६९ साली सुरू झालेला पुण्याजवळचा खडकीचा कारखाना आणि १९६४ सालचा वरणगावचा (दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत) हे आपल्या राज्यातले काडतुसांचे मोठे कारखाने. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ती खडकीची, 'ओएफव्ही' दिसलं तर वरणगावची.

बार उडतो तेव्हा आत सुमारे ४०० मेगापास्कल दाब होतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पट. नेमबाजाचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो. त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आक्रसते म्हणून बाहेर निघते. यासाठी बूड कडक हवं आणि मान नरम हवी. एकाच तुकड्यात दोन स्वभाव!

मग चांगली पुंगळी ओळखायची कशी? चकाकीवर जाऊ नका. लष्करी पुंगळीच्या मानेपाशी निळसर-तपकिरी झाक असते. नवख्याला तो डाग वाटतो, पण तो मान नरम केल्याचा पुरावा आहे. उलट गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर काळजी करा. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि मागे पोकळ तांबं उरतं. हिरवट थर वरवरचा असेल तर चालतो, खाली खड्डे पडले असतील तर पुंगळी बाद. मानेवर केसाएवढी उभी चीर असेल तर प्रश्नच मिटला. चार-पाच पुंगळ्या हातात खुळखुळवल्या तर तडा गेलेली वेगळी, बद्द वाजते. बाजारात मडक्याला टिचकी मारून बघतात, अगदी तसंच.

सगळ्यात फसवा दोष बुडाच्या थोडा वर असतो. वारंवार वापरून पितळ तिथे ताणलं जातं आणि आतून पातळ होतं. बाहेर फार तर एक चमकदार कडं दिसतं. जाणकार लोक टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवर फिरवतात. तार खाचेत अडकली की ती पुंगळी संपली, कारण पुढच्या बाराला बूड वेगळं होऊ शकतं. टोपीची जागा सैल झाली असेल तरी तेच, बूड पसरलेलं असतं. वजनात आणि भिंतीच्या जाडीत फरक किती, हे नंतर. त्याने नेम चुकतो, जीव जात नाही.

तरीही नव्याकोऱ्या पुंगळीतला आतला ताण डोळ्यांना दिसत नाही, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच. आमच्या माकुणसारच्या जुन्या घरात गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेली पितळी घागर अशीच उभी फाटली होती. आजी म्हणायची, "उलली." ठोकून घडवलेलं भांडं, गोठ्यातला अमोनिया आणि केळव्याकडून येणारी दमट हवा, सगळा मसाला तयार! बोईसरच्या एमआयडीसीत माझा मावसभाऊ एका छोट्या प्रेस शॉपमध्ये आहे. तिथे ओढकामाच्या पितळी टोप्यांचा अख्खा लॉट पावसाळ्यात गोदामात तडकला. गोदामाची भिंत संडासाला लागून होती. भट्टीचा खर्च वाचवायला शेवटचं तापवणं गाळलं होतं. माल परत आला आणि दादाची दोन महिन्यांची ओव्हरटाइम बुडाली. २६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं असतं तर ताण उतरला असता आणि कडकपणाही राहिला असता, कारण एवढ्या तापमानाला नवे कण तयार होत नाहीत.

हा ताण पकडायला पूर्वी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात तुकडा बुडवत. पारा विषारी, म्हणून आता आयएसओ ६९५७ प्रमाणे अमोनियाच्या वाफेची चाचणीही करतात. तिचं साधं रूप आपल्या लॅबमध्ये होईल. पितळी पट्टीचे दोन तुकडे सारखेच वाकवा, एक भट्टीत तासभर ठेवून गार करा, मग दोन्ही झाकणाच्या बरणीत अमोनियाच्या वर टांगा. बरणी फ्यूम कपाटातच ठेवायची आणि सरांना आधी विचारायचं. रोज भिंगातून वाकाच्या आतल्या बाजूला बघा. न तापवलेली पट्टी तिथेच उलायला लागते.